नोकरी सांभाळून ऐतिहासिक कादंबरी कशी लिहायची: ब्रँटफर्डच्या कॉस्टेनकडून उचललेल्या गोष्टी

थॉमस कॉस्टेनची पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तो ५७ वर्षांचा होता आणि केस सगळे पांढरे झाले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला जेव्हा कोणी म्हणतं ना की आता काय वय राहिलंय का लिहायचं, पोरीचं कॉलेज, घराचा हप्ता, वरून ऑफिसमधून आलं की डोकं बंद पडतं, तेव्हा मी वाद घालत बसत नाही, हा एक आकडा सांगतो. आणि मग त्याच्या पुढचं सांगतो, की एवढ्या उशिरा सुरू करून १९६५ मध्ये जाईपर्यंत ह्या माणसाने दहाच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय इंग्लंडच्या प्लँटाजेनेट राजघराण्यावर इतिहासाची चार जाडजूड पुस्तकं, आणि वेळ उरला म्हणून कॅनडाच्या फ्रेंच काळाचा इतिहास वेगळा. (त्याला एकेरीत म्हणतोय, राग मानू नका, तीन वर्षं रोज रात्री सोबत आहे, आता अहो-जाहो जमत नाही.)

मी कॅनडात ओंटारिओत राहतो, कॉस्टेनचं गाव ब्रँटफर्ड माझ्या घरापासून गाडीने अर्धा-पाऊण तास. ते गाव दोन जणांवर मिरवतं, एक टेलिफोनवाला ग्रॅहम बेल, ज्याला १८७४ मध्ये टेलिफोनची कल्पना तिथल्या वडिलांच्या घरी सुचली, आणि दुसरा आइस हॉकीतला वेन ग्रेट्झकी. कॉस्टेनच्या नावाचं एक कम्युनिटी सेंटर आहे तिथे, तेवढंच. पण १९५२ मध्ये अमेरिकेत वर्षभरात सगळ्यात जास्त खपलेली कादंबरी ह्याच गावच्या पोराची होती. मला ती जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन डॉलरला मिळाली, स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या आणि मोडक्या टोस्टरच्या मध्ये.

मी स्वतः मराठीत एक ऐतिहासिक कादंबरी लिहितोय, अजून संपलेली नाही, त्यामुळे मी काही गुरू वगैरे नाही. पण ह्या माणसाच्या करिअरमधून कामाला येतील अशा बऱ्याच गोष्टी सापडल्या, त्या सांगतो, तुम्हाला पटतील त्या घ्या.

जुनं बाड ट्रंकेतच राहू द्या

कॉस्टेन १८८५ चा जन्म. शाळेत असतानाच त्याने चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या, त्यातली एक डच राजपुत्र मॉरिस ऑफ नासाऊवर, तब्बल ७०,००० शब्दांची. विचार करा, ब्रँटफर्डमधला शाळकरी पोरगा, हॉलंड कुठे बघितलेलं, आणि तिथल्या राजपुत्राचा रोमान्स लिहितोय. चारही नापास. कोणी छापल्या नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एक वही असतेच. अकरावीत लिहिलेली, पहिल्याच पानावर घोड्यांच्या टापा आणि 'आसमंत दुमदुमला'. माझ्याकडे होती. आणि लिहायचं ठरवलं की पहिला मोह होतो तो हीच वही काढून 'थोडी दुरुस्त' करायचा. करू नका. कॉस्टेनने चाळीस वर्षांनी पुन्हा कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्या राजपुत्राला पुन्हा उठवलं नाही, नवीन माणूस शोधला. त्या वहीचा उपयोग एवढाच की तुम्हाला कळतं आपण ७०,००० शब्द लिहू शकतो, हाताला सवय आहे. बाकी तिच्यातलं वाक्य न् वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी असतं, ज्याला आपण तेव्हा वाचत होतो त्याचं.

नोकरीला शिव्या घालू नका, तिच्यातून शिका

त्याची पहिली कमाई १९०२ ची, गावच्या 'ब्रँटफर्ड कुरियर' पेपरने त्याची एक रहस्यकथा घेतली आणि मग तिथेच त्याला बातमीदार म्हणून ठेवून घेतलं, पगार आठवड्याला ५ डॉलर. मग १९०८ पासून ग्वेल्फ गावच्या पेपरचा संपादक, मग टोरंटोला मॅक्लीन कंपनीत धंदा-व्यापाराची तीन मासिकं सांभाळायची, म्हणजे अगदी रुक्ष काम, आणि तिथून वर चढत १९१७ ला 'मॅक्लीन्स' ह्या मुख्य मासिकाचा संपादक. १९२० मध्ये अमेरिकेत 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'कडे, तिथे चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कथा निवडायच्या, कापायच्या, नीट करायच्या. मग सिनेमावाल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे, कुठल्या पुस्तकाचा सिनेमा होईल हे हुडकायचं. मग १९३९ पासून डबलडे ह्या पुस्तकवाल्यांकडे संपादक. अधेमधे १९१० मध्ये लग्न, बायको आयडा, तिला त्याने पहिल्यांदा बघितलं ते एका ऑपेरामध्ये काम करताना, दोन मुली. म्हणजे आपल्यासारखंच सगळं, फक्त गाव बदलत गेलं.

आता ह्यात स्वतःची कादंबरी कुठे? कुठेच नाही. चाळीस वर्षं नाही. लोक हे वाचून हळहळतात, अरेरे इतकी वर्षं वाया गेली. मला उलटं वाटतं. रोज टेबलावर दुसऱ्यांच्या कथांचा ढीग, त्यातली एखादीच घ्यायची, बाकी परत पाठवायच्या, आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं की ही का नको, कुठल्या पानावर कंटाळा आला. हे ज्याने चौदा वर्षं केलं त्याला वाचक कुठे जांभई देतो हे न सांगता कळतं. १९४० मध्ये त्याने चार लघुकादंबऱ्या लिहिल्या आणि कुठेच पाठवल्या नाहीत, का, तर आपण संपादक आहोत, आपल्याला कळतं की ह्या पाठवण्यालायक नाहीत. हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवणार होतो, बायको नको म्हणाली.

आपण काही संपादक नसतो, पण ती नजर थोडीफार कमावता येते. मी करतो ते असं. एक प्रकरण झालं की प्रिंट काढायची आणि महिनाभर बघायचं नाही, स्क्रीनवर अजिबात वाचायचं नाही. महिन्याने हातात पेन्सिल घेऊन मोठ्याने वाचायचं, दुरुस्त काहीही करायचं नाही, फक्त जिथे लक्ष उडालं तिथे कडेला एक आडवी रेघ. बस. सगळं झाल्यावर रेघा मोजायच्या. माझं पहिलं प्रकरण पानिपतावरच्या गोलाच्या (म्हणजे फौजेचा गोल बांधून लढायच्या) लढाईच्या वर्णनाने सुरू होत होतं, कोणाची तुकडी उजवीकडे, कोणाची डावीकडे, तोफा कुठे, मी ते लिहायला चार महिने वाचन केलं होतं आणि मला प्रचंड अभिमान होता. रेघा पडल्या एकवीस, सगळ्या पहिल्या तीन पानांत. बायकोला वाचायला दिलं तर तिने चहा संपेपर्यंत वाचून एकच विचारलं, यात माणूस कधी येणार आहे? ती तीन पानं गेली. अजून दुखतं पण गेली.

दुसरं म्हणजे दुसऱ्यांचं वाचून द्या. ओळखीत कोणी कथा लिहीत असेल, कोणाचा दिवाळी अंकाला पाठवायचा लेख असेल, तर आपणहून म्हणा दे वाचतो. फुकट. स्वतःच्या लिखाणातली खोड स्वतःला दिसत नाही, तीच खोड शेजाऱ्याच्या लिखाणात लगेच दिसते आणि मग घरी येऊन स्वतःची वही उघडली की लाज वाटते.

राजा नको, सावत्र मुलगा घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं, ह्यावर जरा वेळ काढतो.

कॉस्टेनने पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा त्याच्या डोक्यात सहा पुस्तकांची मालिका होती आणि तिला त्याने नाव ठेवलं होतं 'इतिहासाची सावत्र मुलं'. म्हणजे अशी माणसं की जी रंगतदार आहेत, नोंदीत सापडतात, पण इतिहासाने ज्यांना कधी मांडीवर घेतलं नाही. पहिला घेतला जॉन वॉर्ड, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्रज समुद्री चाचा, जो मायदेश सोडून ट्युनिसला जाऊन बसला आणि तिथून भूमध्य समुद्रात जहाजं लुटत होता. त्याच्यावरची 'फॉर माय ग्रेट फॉली' १९४२ मध्ये आली आणि १,३२,००० च्या वर प्रती गेल्या. पुढे त्याच वळणाने फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सचा खजिनदार जॅक कर, जो राजाला लढायला पैसे पुरवतो आणि शेवटी राजाच त्याला बुडवतो. पुढे मॉन्ट्रियलच्या ल मोइन घराण्यातले भाऊ, ज्यांच्यातल्या बियेनव्हिलने १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसवलं. नेपोलियनवरसुद्धा लिहिलं, पण कुठला नेपोलियन, तर हरलेला, सेंट हेलेना बेटावर कैदेत पडलेला, आणि शेजारच्या घरातल्या बेट्सी बाल्कम नावाच्या पोरीशी गप्पा मारणारा.

बघा यात काय होतं. राजावर लिहायला गेलं की वाचकाला शेवट आधीच माहीत असतो, त्यात आपल्याकडे तर राजा म्हणजे दैवत, त्याला शिंक आली असं लिहिलं तरी कोणीतरी भांडायला येणार, मग लेखक घाबरून नुसती आरती लिहितो. सावत्र मुलाचं असं नसतं. त्याला भूक लागू शकते, तो घाबरू शकतो, खोटं बोलू शकतो, आणि पुढच्या पानावर त्याचं काय होणार हे कोणालाच माहीत नसतं.

मग असा माणूस शोधायचा कसा. मी तीन प्रश्न विचारतो. तो एखाद्या मोठ्या माणसाच्या खोलीत कधीतरी उभा होता का, निदान दाराशी? त्याच्याबद्दल थोडंसं लिहिलेलं आहे पण पूर्ण नाही, म्हणजे मध्ये भोक आहे का, कारण कादंबरी त्या भोकातच लिहायची असते, सगळंच माहीत असेल तर चरित्र लिहा आणि काहीच माहीत नसेल तर मग इतिहास कशाला हवा. आणि तिसरं, त्याला काय हवंय? हे नसेल तर पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही.

माझं उदाहरण सांगतो. पानिपतानंतरची ती सावकाराची चिठ्ठी सगळ्यांना माहितीये, दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही अशा अर्थाची, जी नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली. मोत्यांवर सगळे लिहितात. पण ती चिठ्ठी घेऊन कोणीतरी चालत आला ना? कासीद. त्याला वाचता येत नाही, आणि आलं असतं तरी त्याला वाटलं असतं हा सराफी हिशोब आहे. म्हणजे अख्ख्या दख्खनचं सुतक कमरेला बांधून माणूस चाललाय आणि त्याला पत्ताच नाही. बरं कासीद एकटे नसायचे, जोडी पाठवायचे, मग दुसरा कुठे गेला? झालं की भोक तयार. आणि त्याला काय हवंय? हे मला आठ महिने सापडत नव्हतं, मी त्याला देशभक्ती वगैरे देऊन बघितली, काही चिकटेना. शेवटी ठरवलं की त्याचा चार महिन्यांचा रोजमुरा, म्हणजे पगार, थकलाय आणि पोचल्यावर तो मिळेल असं त्याला कबूल केलंय. त्या दिवसापासून तो आपणहून चालायला लागला.

एखादी वस्तू सापडली की कथानक अर्धं झालं

जी कादंबरी मला दोन डॉलरला मिळाली ती 'द सिल्व्हर चॅलिस', १९५२ ची, चांदीचा पेला. ही वस्तू खरी आहे. अँटिओकचा (आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं शहर) पेला म्हणतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला, १९५० पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे आहे. आतमध्ये एकदम साधी, कसलीही नक्षी नसलेली चांदीची वाटी आणि तिच्याभोवती द्राक्षवेलीच्या जाळीचं दुसरं कवच, वेलींच्या मध्ये बसलेली माणसं कोरलेली. तो सापडला तेव्हा लोकांनी उठवलं की आतली साधी वाटी म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणातला पेला.

आता इथे कॉस्टेनचं डोकं बघा. ह्या वाटीवर पवित्र-पवित्र करत बसला असता तर पुस्तक कोणी आज हातात धरलं नसतं. त्याने विचारलं की बाहेरचं कवच कोणी केलं असेल? म्हणजे कारागीर. मग आला बेसिल, अँटिओकचा चांदीकाम करणारा पोरगा, श्रीमंताने दत्तक घेतलेला, मग वारसा हिरावून गुलाम म्हणून विकलेला, त्याला सोडवून आणतात आणि काम देतात की ह्या पेल्याला कवच कर आणि त्यावर शिष्यांचे चेहरे कोर. झालं! चेहरे कोरायचे तर ते बघायला हवेत, शिष्य तर पांगलेत, मग जेरुसलेमपासून रोमपर्यंत एकेक चेहरा बघायला त्याला फिरायलाच लागणार. लेखकाला प्रवासाचं कारण शोधावं लागलं नाही, ते वस्तूनेच दिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो.

आणि गंमत म्हणजे आता अभ्यासक मानतात की तो पेलाच नव्हे, सहाव्या शतकातला चर्चमधला दिवा असावा. म्हणजे ज्या समजुतीवर कादंबरी उभी तीच गेली. तरी कादंबरीला काही झालं नाही, कारण गोष्ट पेल्याची नव्हतीच, बोटांत कला असलेल्या आणि समोरच्या माणसाचा चेहरा नीट बघायला शिकणाऱ्या पोराची होती.

तर तुमच्याकडे एखादी वस्तू असेल, आजोळच्या वाड्यातलं कुलूप, मोडीतलं एखादं गहाणखत, शिक्क्याची अंगठी, तर ती कोणाची होती हे नंतर विचारा, आधी विचारा ती घडवली कोणी, दुरुस्त कोणी केली, चोरली कोणी.

वस्तूसारखाच एखादा व्यवहारसुद्धा चालतो. 'द टाँटीन' नावाची त्याची दोन खंडांची कादंबरी आहे. टाँटीन म्हणजे काय तर समजा आपली भिशी, पण भयानक भिशी. सगळ्यांनी पैसे घालायचे, त्याचं व्याज दरवर्षी जिवंत असलेल्यांनी वाटून घ्यायचं, कोणी मेला की त्याचा वाटा उरलेल्यांना, आणि शेवटी जो एकटा उरेल त्याला सगळं. वॉटर्लूच्या लढाईनंतर हे सुरू होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतं, माणसं म्हातारी होतात आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात, कशासाठी ते कळलंच असेल. आपल्या हुंड्या, कुळकायद्याच्या केसेस, वतनाची भांडणं, ह्यात असले किती तरी सांगाडे पडलेत. वतनाच्या एका निवाड्यात कधीकधी चार पिढ्यांची कादंबरी आयती असते.

तळटीपेने हाक मारली तर ठरलेलं सोडा

'द ब्लॅक रोझ' ही १९४५ ची, त्याची सगळ्यात गाजलेली, पहिली आवृत्तीच साडेसहा लाखांची. प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की मुळात त्याला लिहायचं होतं मंगोल सेनापती बायान आणि इंग्लंडचा पहिला एडवर्ड यांच्यावर. पण वाचता वाचता त्याला थॉमस बेकेट ह्या बाराव्या शतकातल्या इंग्रज आर्चबिशपच्या आईबापांची दंतकथा भेटली. ती अशी, की बेकेटचा बाप गिल्बर्ट पूर्वेकडे कैदेत पडला, तिथल्या एका मुलीचं त्याच्यावर मन बसलं, तो निसटून घरी आला आणि ती त्याच्या मागे निघाली, इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, 'लंडन' आणि 'गिल्बर्ट'. पहिला शब्द म्हणत म्हणत जहाजाने लंडनला पोचली आणि दुसरा शब्द हाका मारत रस्त्यांवरून फिरली. इतिहासकार ही गोष्ट खरी धरत नाहीत, त्याची आई नॉर्मन घराण्यातली होती. पण कॉस्टेनला ते दोन शब्द सुटेनात. बायान राहिला, एडवर्ड राहिला, पण दोघं बाजूला सरकले आणि कादंबरी झाली ऑक्सफर्डच्या वॉल्टर नावाच्या विद्यार्थ्याची, जो चीनपर्यंत जातो, आणि मरियमची, जी त्याला शोधत येते.

मला आधी वाटायचं आराखडा केला की त्याला चिकटून राहायचं, नाहीतर शिस्त नाही. आता मी एक वेगळी वही ठेवतो, तिच्यात फक्त तळटीपा आणि इकडेतिकडे सापडलेल्या ओळी, ज्यांचा माझ्या विषयाशी काही संबंध नाही. महिन्याने वही चाळायची. ज्या ओळीवर पुन्हा डोळा अडकला तिच्याखाली रेघ. तिसऱ्यांदा अडकला तर समजायचं की ती आत शिरणार, आता जागा करा.

खरं-खोटं वेगळं ठेवायचं मात्र तेवढंच कडक. कॉस्टेनबद्दल एका समीक्षकाची तक्रार होती की ह्याच्यात इतिहास कुठे संपतो आणि मनचं कुठे सुरू होतं ते कळत नाही. काहींना ही स्तुती वाटेल. वाचकाला कळलं नाही तरी चालेल, आपल्याला कळलं पाहिजे. मी साधी एक्सेल शीट ठेवलीये, एका रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात कुठून घेतला, आणि मी रचलेला असेल तर दुसऱ्या रकान्यात फक्त 'मी'. तारखांची तर हमखास गडबड होते, जुन्या पत्रांत 'छ' घालून मुसलमानी चंद्रमहिन्याची तारीख असते, ती जंत्रीत बघून फिरवून घ्यावी लागते, मी एकदा तशीच अंदाजाने टाकली आणि माझ्या गोष्टीत संक्रांतीच्या थंडीत लोक आंबे खात होते.

त्याची आणखी एक युक्ती उपयोगी आहे. खरा माणूस मध्ये उभा करायचा आणि गोष्ट सांगायची ती त्याच्या कडेला उभ्या केलेल्या, आपण रचलेल्या माणसाकडून. वॉर्डची गोष्ट रॉजर नावाचा एक तरुण सांगतो. त्यामुळे वॉर्ड मनात काय म्हणाला हे लेखकाला ठोकून द्यावं लागत नाही, रॉजरला जेवढं दिसलं तेवढं. मराठीत आपण सरळ महाराजांच्या मनात शिरतो आणि दोन पानं स्वगत लिहितो, ते जरा थांबवू.

रोज किती

१९४६ च्या जानेवारीत त्याने नोकरी सोडली आणि त्यानंतर म्हणे रोज ३,००० शब्द लिहायचा. हा आकडा वाचून खचून जाऊ नका. त्याच्या आधीचं बघा, नोकरी सोडली तेव्हा तीन कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या, १९४२, १९४४ आणि १९४५, तिन्ही डबलडेमध्ये काम करत असताना. तिसरी धो धो खपली मग राजीनामा. आपले लोक आधी राजीनामा देतात मग पहिलं प्रकरण लिहितात.

आपलं गणित साधं ठेवा. रोज ३०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, वर्षाला पन्नास आठवडे धरले तर ७५,००० होतात. म्हणजे त्या शाळकरी पोराच्या नापास कादंबरीएवढं, वर्षभरात. ३०० शब्द म्हणजे डिशवॉशर लावला आणि तो थांबेपर्यंत बसलं तर होतात, माझे तसेच होतात. ज्या दिवशी होत नाहीत त्या दिवशी शीट भरतो.

आणि उरलेलं मटेरियल फेकू नका, हे मी त्याच्या पुस्तकांची यादी सालवार लावली तेव्हा लक्षात आलं. १९४९ मध्ये ल मोइन भावांची कादंबरी, १९५४ मध्ये न्यू फ्रान्सचा, म्हणजे कॅनडातल्या त्या फ्रेंच वसाहतीचा, इतिहास. तसंच १९४९ मध्येच नॉर्मन आणि किंग जॉनच्या काळाचा इतिहास आणि १९५७ मध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टाभोवती (राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद) फिरणारी कादंबरी. एकदा खणलेल्या विहिरीतून दोनदा पाणी. प्लँटाजेनेट मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात तर तो पुतण्यांच्या खुनाचा आळ असलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा वकीलच होतो, पोरांना ह्याने मारलं नाही, ह्याच्यानंतर गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीकडे बघा म्हणतो. कादंबरीत खपलं असतं ते त्याने इतिहास म्हणून मांडलं, इतिहासकारांना किती पटलं ते सोडा, पण वाचायला धमाल आहे.

त्याच्याकडून काय घेऊ नये

बायकांची वर्णनं घेऊ नका. नायिका खोलीत आली की अर्धं पान केस आणि डोळे, अरे पुढे चल. योगायोगसुद्धा घेऊ नका, एवढ्या मोठ्या भूमध्य समुद्रात माणसं कट्ट्यावर भेटल्यासारखी भेटतात.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकते. ब्रँटफर्ड ज्याच्या नावाने आहे तो जोसेफ ब्रँट हा मोहॉक ह्या आदिवासी जमातीचा पुढारी. शेजारीच ग्रँड नदीकाठी सिक्स नेशन्सची, म्हणजे मोहॉक धरून सहा आदिवासी जमातींची, वस्ती. आणि गावातच मोहॉक इन्स्टिट्यूट, आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून, त्यांची भाषा मोडून ठेवायची निवासी शाळा, ती कॉस्टेनच्या जन्माआधीपासून चालू होती आणि त्याच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये बंद झाली. त्याने ब्रँटफर्डसारख्याच एका ओंटारिओच्या गावावर १९५० मध्ये कादंबरी लिहिली, इंग्लंडहून एकटा आलेला सहा वर्षांचा पोरगा, कोटाला नाव-गावाची चिठ्ठी शिवलेली, फार हळवी सुरुवात आहे. पण जे पोरगं आईपासून ओढून त्याच गावच्या शाळेत आणलं जात होतं, त्याच्यावर कादंबरी नाही. चाचे सापडले, मंगोल सापडले, फ्रान्सचा सावकार सापडला. सावत्र मुलं हा शब्द ज्याने काढला त्याच्याच गल्लीतली राहून गेली. मी त्या शाळेची इमारत बाहेरून बघितलीये, लाल विटांची, शेजारी आता वुडलँड कल्चरल सेंटरचं म्युझियम आहे. म्हणून विषय शोधताना अटक-पानिपत करायच्या आधी आपल्या गावच्या वेशीबाहेर, जिथे आजी जाऊ नको म्हणायची, तिथे एकदा जाऊन या.

आणि हो, सिनेमा निघालाच तर पैसे घ्या आणि प्रीमियरला जाऊ नका. 'सिल्व्हर चॅलिस'चा १९५४ मध्ये सिनेमा आला, पॉल न्यूमनचा पहिलाच, आणि त्याला तो इतका नावडला की पुढे टीव्हीवर दाखवायला लागले तेव्हा त्याने पेपरात जाहिरात देऊन लोकांची माफी मागितली.

कॉस्टेन वाचायचा असेल तर 'ब्लॅक रोझ'ने सुरू करा, कंटाळा आला तर मधली चीनची प्रकरणं पळवा. तो आता ब्रँटफर्डजवळच्या फॅरिंग्डनच्या कबरस्तानात आहे, न्यूयॉर्कमध्ये वारला पण शेवटी गावीच आणला. माझा कासीद ४१,००० शब्द चाललाय, पायाला फोड आलेत, जोडीदार मागच्या मुक्कामावर तापाने पडलाय, आणि डिशवॉशर थांबलाय त्यामुळे आज इतकंच.